सारखी जागा

लातुरात टँकरच्या पाण्यावर घरं चालायची, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. घरी बसून प्रोग्रामिंग करणाऱ्या अवधूतनं सकाळभर फॉन्ट धुंडाळले आणि अखेर मनासारखा एक सापडला. एवढा आनंद कुणाला तरी सांगायलाच हवा होता. भांडी घासणाऱ्या गुरम्माला त्यानं हाक मारली.

"मावशी, हे बघा. अक्षर बारीक असो की जाड, इथं सगळ्यांना जागा सारखीच. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

"लई न्यायाचं काम केलं, दादा," गुरम्मा पदराला हात पुसत म्हणाली. "मग आज एक घागर नेऊ का? आमच्या गल्लीत टँकर आलाच न्हाई."

स्क्रीनवरची नजर न हलवता अवधूतनं बायकोला आवाज दिला, "चंद्रप्रभा, पिंपाला कुलूप लावलंस ना?"