फ्लॉपीला लावलेलं हळदीकुंकू

संगणकाने फ्लॉपी वाचायला नकार दिला, तेव्हा केरबांना उत्तर न दिलेलं पत्र आठवलं. ते श्रावणात आलं होतं. सांगलीला छापखाना चालवणाऱ्या राजरत्नने लिहिलं होतं, ‘तुमची कथा दिवाळी अंकात घेतो आहे. हस्तलिखित सोबत परत पाठवतो आहे. टाइप करून घेतलेली फ्लॉपी पाठवा. आणि तुमच्या नावाखाली काय छापू, तेही कळवा. शिक्षक, शेतकरी, जे असाल ते.’ केरबांना फ्लॉपी पाठवता येत होती. दुसरं कळवता येत नव्हतं. साखर कारखान्यातली कारकुनी संपून बरीच वर्षं झाली होती, आणि शेत भाऊ बघत होता. त्यामुळे त्यांनी काहीच पाठवलं नाही.

दसरा झाल्यावर राजरत्नने शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला. अंक छपाईला चालला आहे, तुमची तीन पानं कोरी आहेत. मनुबाईंना सांगलीहून हळद आणायचीच होती. त्या नवऱ्याला म्हणाल्या, चला. म्हणून ते दोघे मलकापुरातून एस.टी.ने येऊन राजरत्नच्या छापखान्यात बाकावर बसले होते.

संगणकावर स्वप्ना होती. तिने फ्लॉपी काढली, फुंकली, पुन्हा घातली. आतून खडा दळल्यासारखा आवाज आला.

“वाचता येत नाही म्हणतोय,” ती म्हणाली. “कोरी करू का, असं विचारतोय.”

“आबा, दुसरी प्रत आहे ना?” राजरत्नने विचारलं.

नव्हती. टाइप झाल्यावर केरबांनी हाताने लिहिलेली पानं बंबात घातली होती. पुन्हा वाचल्यावर ती त्यांना वाईट वाटली होती. कराडच्या टायपिस्टनेही आपल्याकडची प्रत केव्हाच पुसून टाकली होती.

केरबांना दुःख व्हायला हवं होतं. त्यांना हलकं वाटलं. आता कुणाला काही कळवायची गरज नव्हती. तीन पानांत जाहिराती बसल्या असत्या.

“करा कोरी,” ते म्हणाले.

“ए पोरी, थांब!” मनुबाई उठून उभ्या राहिल्या. “कोरी म्हंजे? ह्यातलं समदं जानार?”

“व्हय, आजी.”

“मग हात काड आदी.”

स्वप्नाने हात काढला. फ्लॉपी बाहेर घेऊन तिने वरचा पत्रा बोटाने सरकवला आणि ती खिडकीच्या उजेडात धरली. आतली काळी चकती काळी नव्हती. ती अर्धी पिवळी आणि अर्धी लाल होती. कडेला तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

“हे कुणी केलं?”

“मी,” मनुबाई म्हणाल्या. “खंडेनवमीला.”

राजरत्नने फ्लॉपी हातात घेऊन पाहिली. “काकू, मी छापखान्यात कधी पूजा मांडत नाही. आमच्या मशीनला सवय नाही.”

“हळदकुंकू वरून लावायचं,” केरबा हळूच म्हणाले. “पत्रा कशाला सरकवलास?”

“वरवर लावून काय उपेग? पत्रा सारला तर आत काळं दिसलं. जीव तितंच आसंल म्हनलं. तितंच लावलं.”

“पण लावलंस कशाला?”

मनुबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस एवढी वर्षं आपल्या घरात राहत होता की नाही, अशी शंकाच त्यांना आली.

“आवं, हत्यारं मांडायची नव्हती व्हय? माजा इळा मांडला, भावजींचा कोयता मांडला, सुनंची शिलाई मशीन मांडली. नोकरी व्हती तवा तुमची सायकल मांडत व्हते. ती इकलीसा. तवापास्नं तुमची जागा रिकामीच ऱ्हायची. चष्मा मांडावा तर तुमी डोळ्यावरनं काडत न्हाई. औंदा म्हनलं, हे रोज पाटंपास्नं लिवत्यात, त्ये समदं ह्यात हाय म्हनत्यात. मग मांडली कोयत्याशेजारी.”

मागच्या खोलीतलं यंत्र चालू होतं.

केरबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला.

“स्वप्ना,” ते म्हणाले, “कोरी करू नका. निघतंय का बघा.”

स्वप्नाने फ्लॉपीचं कवच सुरीने उकललं. चकती बाहेर काढली. स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने दोन्ही बाजूंनी पुसली, कापूस रंगला की बदलला. चकती पंख्याखाली वाळवून तिने एका नव्या फ्लॉपीच्या कवचात बसवली आणि कडांना चिकटपट्टी लावली. या वेळी खडा दळला गेला नाही. पडद्यावर कथेचं नाव उमटलं. शेवटच्या परिच्छेदाच्या जागी मात्र नुसते चौकोन होते.

“हे गेलं, आबा.”

“लिहून घ्या,” केरबा म्हणाले, आणि तो परिच्छेद त्यांनी न अडखळता सांगितला. मनुबाई हळदीची पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

निघताना राजरत्न दारापर्यंत आला. “अनुक्रमणिका शेवटी छापतोय. नावाखाली काय लिहू, आत्ताच सांगता?”

केरबांनी जमिनीकडे पाहिलं. “कळवतो.”

“पत्रानं?” राजरत्न हसला.

“पत्रानं.”

स्टँडजवळच्या पोस्टात त्यांनी एक कार्ड घेतलं. मनुबाईंना बाहेर सावलीला बसवलं. पत्ता सांगलीचाच होता, चालत पोचता येईल अशा, मघाशीच सोडलेल्या दाराचा. मजकूर लिहायला त्यांना पत्त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला: ‘श्रावणातले आपले पत्र पोचले. नावाखाली ‘लेखक’ असे छापावे. घरून मंजुरी मिळाली आहे.’

कार्ड त्यांनी पेटीत टाकलं. मग फटीत बोटं घालून ते परत निघतंय का, हे एकदा पाहिलं. निघत नव्हतं.