मनाचा मुक्काम

मिरजेतल्या म्युच्युअल फंडात दुसरं नाव आईचं होतं, म्हणून प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना तीही स्क्रीनसमोर हवी होती. रॉटरडॅममध्ये निरंजनने कानामागे पट्टी चिकटवली, तिकडे मिरजेत आईनेही. शरीर कुठे राहतं याला आता महत्त्व नव्हतं. वर्षभरात मन किती दिवस कुठे होतं, ते पट्टी वाचायची आणि त्यावर कर ठरायचा. भारतात निवासी ठरलं की कर निम्मा.

"माझा जीव तिकडेच असतो गं," निरंजन म्हणाला.

पट्टीला जोडलेलं यंत्र मोठ्याने वाचू लागलं, "निरंजन. मन मिरजेत, चार दिवस. चारही दिवस विषय एकच, फंडाचा भाव."

त्याचे कान तापले. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवससुद्धा त्यात नव्हता.

"मशीनच बिघडलं असेल रे," आई घाईघाईने म्हणाली.

तेवढ्यात यंत्र पुढे वाचू लागलं, "इंदुमती. मन रॉटरडॅममध्ये, तीनशे एकसष्ट दिवस. अनिवासी. कर दुप्पट."



कधी मिरज न सोडलेली आई पार घाबरून गेली. "अरे, माझं काही चुकलं का? याचा तुला त्रास नाही ना होणार?"