हिरवी लॉरी

खानापूरच्या भावकूनं आपल्या हिरव्या लॉरीचा सागवानी हौदा स्वतः रंधा मारून बनवला होता. तिचे गोल दिवे तो धोतराच्या सोग्यानं पुसायचा. लढाईच्या दिवसांत लष्कराचा गोरा साहेब एका हवालदाराला घेऊन, गाड्या ताब्यात घेत त्याच्या दारात आला.

"साहेब, हिला न्हेऊ नका. लई हट्टी हाय. माझ्याबिगर कुणाच्या हातानं चालूच होत न्हाय," भावकू काकुळतीनं म्हणाला.

हवालदारानं ते साहेबाला इंग्रजीत समजावलं. साहेब हसला.

"मग तूबी चल लढाईवर," हवालदार म्हणाला. "कर चालू."

भावकूची बायको मालुबाई उंबऱ्यातच मटकन बसली. भावकूनं लॉरीच्या पुढ्यातलं, फिरवून इंजिन चालू करायचं हँडल धरलं आणि मनातल्या मनात तिला विनवलं, 'बाई, आज तेवढी चालू होऊ नगंस.'



लॉरी पहिल्याच फेऱ्यात चालू झाली.