चालून दाखव

गुलमर्गचा बर्फ. खाटेवरून पायाला वजन म्हणून टांगलेल्या विटा. मुलुंडच्या घरात पोह्यांच्या बशा.

नंदकिशोरला आईने बजावलं होतं, मुलीकडचे पाहुणे जाईपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही. मांडीचं हाड जुळलं होतं, पण पाय आखूड झाला होता.

आई स्थळ म्हणून आलेल्या उत्तराला म्हणाली, "जरा चालून दाखव गं."

उत्तरा खिडकीपर्यंत जाऊन आली.

"आता मी," म्हणत नंदकिशोर उठला आणि लंगडत तिथवर जाऊन आला. "बर्फावर स्की करताना मोडला."

आईने मान खाली घातली.

उत्तराने विचारलं, "पुन्हा जाणार का बर्फावर?"

"आई जाऊ देणार नाही."

"मी देईन."

आत येतानाच तिने उंबऱ्याबाहेर त्याचे बूट पाहिले होते. डाव्या बुटाची टाच दोन बोटं जाड होती.