सहीपुरती जागा

"काही त्रास?" सिस्टरांनी वर न बघता विचारलं.

"नाय, तरास काय नाय," कमळाबाई म्हणाली.

विचारलं होतं रुपालीला. पण सुनेला विचारलेलं सगळं सासूलाच विचारलेलं असतं, याची आरोग्य केंद्रात आता सगळ्यांना सवय झाली होती. वजन झालं, बीपी झालं, लोहाच्या गोळ्या पिशवीत पडल्या. डॉक्टर मॅडम मीटिंगला गेलेल्या, त्यामुळे पोट तपासणं पुढच्या मंगळवारी.

पुढचा मंगळवार! रुपालीचा सातवा महिना सरत आला होता आणि काल दुपारपासून बाळ हललं नव्हतं. जेवून डाव्या कुशीवर पडायचं आणि लाथा मोजायच्या, हे सिस्टरांनीच शिकवलेलं. ती काल संध्याकाळी पडली, आज सकाळी पुन्हा पडली. एकही बोट दुमडायची वेळ आली नाही.

सकाळी सासूला सांगून बघितलं होतं. "पोर निजला आसंल," कमळाबाई म्हणाली. "तिथं काय बोलशील तर ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात धारतील, आठ दिस ठेवून घेतील. रविवारी तुजा डोहाळजेवण हाय, अख्ख्या गावाला सांगून झालाय. आनि असला अभद्र तोंडातून कारू नको गो. बोलला का खरा होतो." तिच्या नवऱ्याने, देवेशने, आईचं ऐक म्हणून हेल्मेट चढवलं आणि कामावर निघून गेला.

बोलला का खरा होतो. रुपालीला रविवारची फिकीर नव्हती, पण या वाक्याने तिचं तोंड शिवलं. आपणच उच्चारलं आणि तसंच झालं तर? तीन वेळा तिने सिस्टरांकडे बघून तोंड उघडलं आणि तीन वेळा पाण्याची बाटली तोंडाला लावली.

दोघी बाहेर पडणार, एवढ्यात मेघना आडवी आली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. गरोदर बायका इथल्या तपासणीवर समाधानी आहेत का, याचे चाळीस फॉर्म तिला भरून न्यायचे होते. एकोणचाळीस झालेले.

"पाचच मिनिटं, ताई," ती रुपालीला म्हणाली आणि बाकावर सरकली. कमळाबाई मधे बसली.

मेघनाने एक कागद पुढे धरला. त्यावर पाच गोल चेहरे होते. पहिला दात काढून हसणारा, शेवटचा रडणारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांची सोय.

"सिस्टर तुमच्याशी नीट बोलतात का?"

कमळाबाईने हसणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"मावशी, ताईंना सांगू द्या ना."

"ती काय येगला सांगनार?" कमळाबाईने रुपालीचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं. मायेनेच घेतलं, पण सोडलं नाही.

"बाळाच्या लाथा मोजायला शिकवलं?"

"शिकवला. दहा."

रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओढणीने तोंड पुसलं, उकाडा होताच.

"तपासताना आडोसा होता? म्हणजे, दुसरं कोणी ऐकणार नाही असं मोकळेपणी बोलता आलं?"

"आला की. मी होते ना बाजूला."

मेघनाचं पेन क्षणभर थांबलं. मग तिने खूण केली. असले प्रसंग शिकवताना कोणी सांगत नाही, आणि चाळिसावा फॉर्म सोडवतही नाही. बावीस प्रश्न झाले. बावीस वेळा कमळाबाईचं बोट त्याच चेहऱ्यावर जाऊन टेकलं.

"आता फक्त सही."

"आन, अंगठा देते." कमळाबाईला रिक्षाचे, बसचे आकडे कळत, अक्षरं नाहीत.

"नाही मावशी. सही पेशंटचीच लागते."

कमळाबाईने नाइलाजाने सुनेचं मनगट सोडलं.

रुपालीने पेन घेतलं. फॉर्मच्या तळाला बोटभर रेघ होती. तिने लिहायला सुरुवात केली. बोलायचं नव्हतं, बोललं की खरं होतं. लिहिल्याने काय होतं, ते सासू काही म्हणाली नव्हती. रेघ संपली तरी ती लिहीत राहिली. कागदाची कड आली तेव्हा खाली वळली.

"एवरी मोठी सही?" कमळाबाईला हसू आलं. "नाव लिवतेस का पत्ता गो?"

रुपालीने फॉर्म मेघनाच्या हातात दिला आणि खाली मान घालून बसली.

मेघनाने वाचलं. "काल दुपारपासून बाळ हललं नाही. सासूबाईंना कळू देऊ नका. मला आत न्या."

तिने फॉर्म घडी करून एप्रनच्या खिशात घातला.

"सासरचं माहेरचं दोन्ही नावं घातली यांनी, मावशी," ती म्हणाली. "ताई, चला जरा आत. तुमचं वजन चुकलंय, परत घ्यायला लागेल."

"मंग चला," म्हणत कमळाबाईने पिशवी उचलली आणि तीही उठली.

"तुम्ही बसा," मेघनाने रुपालीचा हात धरला. "काट्यावर एकटीनेच उभं राहायचं असतं, मावशी."