तापीमायची ओटी

दुपारी कोतवालाने दवंडी दिली, तशा प्रकाशा गावच्या नदीकाठच्या गल्लीत गाड्या जुंपल्या गेल्या. तापी घाट गिळून वर चढत होती. लोटनने बायकोला गाडीत बसवलं, पण त्याची आई वत्सलाबाई मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यातच बसून राहिली. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

"माय, चाल ना आते," लोटन काकुळतीला आला होता.

"तापीमाय दारवर ई ऱ्हायनी. तिनी ओटी भरसू, मंग ती मांगे फिरी जाई. तुम्ही जा."

तिच्या सासूनेही असाच पूर परतवला होता म्हणे.

पाणी ओट्याला लागलं. तेव्हा सून मीना, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, गाडीतून उतरली आणि सासूच्या शेजारी येऊन बसली.

"तू काब उतरनी?"

"तुम्ही नही तं मी बी नही."

वत्सलाबाईने पाण्याकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे. सुपातला खण-नारळ उचलून तिने मीनाच्या पदरात घातला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हाताला धरून तिला गाडीकडे घेऊन गेली.

त्याच पुरात घर वाहून गेलं. पाणी ओसरलं तेव्हा, जीव वाचले म्हणून, गावच्या बाया तापीची ओटी भरायला निघाल्या. वाटेत त्यांनी वत्सलाबाईला हाक मारली.

ताडपत्रीखाली भाकरी थापणाऱ्या सुनेकडे पाहत ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी तं तवयच भरी टाकी."