बाचा होकार

विसरवाडीच्या दवाखान्यात बाचा श्वास अडकत होता. जन्मभर तो पूर्वजांना मोहाच्या दारूची धार देत आला. घरात बाप्तिस्मा फक्त मी घेतलेला. आमच्या चर्चचे पाळक हळू आवाजात म्हणाले, "ताई, माणूस कितीही भला असो, तारण कर्मांनी नाही, विश्वासाने मिळतं. वेळ आहे तोवर विचारा."

"बा, तू येशूला मानतोस ना?"

त्याने माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं.

"मानतो, पोरी. रडू नको आता."

आम्ही त्याला ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं, त्याच्या आईबापापासून लांब. पाळक अजूनही सांगतात, "निश्चिंत राहा, शेवटी त्याने विश्वास ठेवला."

पण कुणी काही मागितलं आणि बा नाही म्हणाला, असं कधीच झालं नव्हतं.